हेमचंद्ररावांचा स्वस्तातला स्टुडिओ

माझ्या मेव्हण्यांना मी आजवर एकदाही तोंडावर मूर्ख म्हटलेलं नाही. आईनं लावलेलं वळण आडवं आलं, नाहीतर संधी काय, वर्षाला बारा यायच्या. हेमचंद्र त्यांचं नाव, माझ्या थोरल्या बहिणीचे, दमयंतीताईचे, यजमान. मूळचे राहात्याचे, पण नोकरी सगळी नगरला झाली, एका सरकारी कचेरीत. कारकून म्हणून चिकटले आणि हेडक्लार्क म्हणून सुटले. मधली सगळी वर्षं लोकांच्या अर्जांत त्रुटी काढण्यात गेली, आणि ती सवय निवृत्तीबरोबर कचेरीत ठेवून यायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

चिक्कू माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या पारनेरात तर शेजारीच राहतात. पण चिक्कू माणूस निदान गप्प बसतो हो. भाऊजींचं तसं नाही. दात कोरून पोट भरायचं आणि वर चारचौघांत ढेकर द्यायचा. पत्र्याच्या डब्याला पंखा बसवून कूलर केला होता, तो वारा कमी आणि पाणी जास्त फेकायचा. आलेल्या पाहुण्याचा सदरा भिजला की म्हणायचे, "बघा, बाजारातला घेतला असता तर केवढ्याला पडला असता!" पाहुणा बिचारा सदरा पिळत मान हलवायचा.

ताईचं काय सांगू? ताईचा गळा म्हणजे आमच्या घरातली एकच खरी श्रीमंती. गाण्याच्या परीक्षा दिल्या, लग्नानंतर सावेडीतल्या घरी मुलींना शिकवलं, पण नगरमध्ये तिचं नाव झालं ते मंगलाष्टकांमुळे. वधूवरांची, दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावं गुंफून ती स्वतः अष्टकं रचायची आणि लग्नात स्वतः म्हणायची. लोक कार्यालय बघायच्या आधी तिला तारीख विचारायचे. भाऊजी तिच्याबरोबर जायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि नेमकी नको तिथे दाद द्यायचे. तिचा सूर अजून वर चढतोय आणि यांचं "वाहवा!" होऊन गेलेलं. मला स्वतःला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढं मलासुद्धा कळायचं.

आमच्याकडे जुनी रीत अशी की मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईनं तिथे थांबायचं नाही. तिनं तुळशीपाशी जाऊन बसायचं, पाणी घालायचं. ताईला ही रीत मुळीच पसंत नव्हती. "नऊ महिने पोटात वागवलं तिनं, आणि ऐन अक्षतांना तिलाच बाहेर काढता?" असं म्हणून तिनं कितीतरी आयांना हाताला धरून अंतरपाटाजवळ उभं केलं होतं. एक कडवं त्यांच्या तोंडून म्हणवून घ्यायची. आवाज फाटला तरी चालेल म्हणायची.

मग तिच्याच लेकीचं, रुचाचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, सुश्रुत नाव, कंपनीत नोकरी करतो आणि हौसेनं गिटार वाजवतो. वैशाखातला मुहूर्त निघाला. रुचानं आईजवळ एकच हट्ट धरला. "आई, मला शालू कसलाही चालेल. पण मंगलाष्टकं तू म्हणायची. लहानपणापासून दुसऱ्यांच्या लग्नात ऐकत आलेय, आता माझी पाळी." ताईनं त्याच आठवड्यात रचायला घेतलं. एक ओळ मला फोनवर म्हणून दाखवली होती. "माझी लाडकि लेक आज निघते, कुर्यात् सदा मंगलम्." मी इकडे शाळेच्या स्टाफरूममध्ये डोळे पुसत होते.

आता यात हेमचंद्ररावांना काही काम होतं का? पण काम नसलं की त्यांचा जीव कासावीस होतो. त्यांनी जाहीर केलं की नुसती म्हणायची नाहीत. तानपुरा, तबला, संतूर अशा साग्रसंगीत साजात आधी रेकॉर्ड करायची, कार्यालयात लावायची आणि मग जन्मभर ठेवायची. मी म्हटलं, "भाऊजी, मग एखाद्या स्टुडिओत जा की." तर मान तिरकी करून हसले. "पंकजा, स्टुडिओवाले तासावर पैसे घेतात. तेवढ्यात मी घरी स्टुडिओ उभा करतो. आणि तबलजी बोलावला की त्याचं मानधन आलं, जेवण आलं. कॉम्प्युटरमधला तबलजी जेवत नाही."

राहात्याला त्यांच्या चुलतभावाचा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास होता, तो बुडाला होता. तिथून हे दोन मेलेले कॉम्प्युटर एसटीनं घेऊन आले, एक मांडीवर आणि एक कंडक्टरशी भांडून सीटखाली. दोघांचे अवयव काढून त्यातून एक जिवंत केला. प्रोसेसर एवढा जुना की त्याच्या वयाची मुलं आता मतदानाला जातात. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकले, तेही दुप्पट वेगानं लावून. तसं केलं की डेटा निम्मा जातो अशी त्यांची ठाम समजूत. सगळे व्हिडिओवाले कानीकपाळी ओरडत होते म्हणे, की बाकी काही जुनं घ्या, पण आवाजासाठी वेगळं साऊंड कार्ड चांगलं घ्या, गाण्याच्या कामात तेच महत्त्वाचं. भाऊजींनी ते ऐकलं आणि निकाल दिला, "हे कंपन्यांचे धंदे. डब्याच्या मागे हेडफोनला हिरवं भोक दिलेलं आहे ना? मग?" नवीन म्हणून जे काय घेतलं ते एक माईक, तोही वाढदिवसाला पोरंटोरं घेतात तसला, आणि त्याच्याबरोबर फुकट आलेला हेडफोन.

ताईची शिकवणीची खोली गेली. भिंतींना त्यांनी अंड्यांचे ट्रे चिकटवले, आवाज घुमू नये म्हणून. ज्या घरात चातुर्मासात कांदा येत नाही त्या घरात देवघराच्या भिंतीला पाठ लावून अंड्यांचे ट्रे! का, तर कोपऱ्यावरचा अंडेवाला ते फुकट देत होता. ताईनं तोंडातून ब्र काढला नाही. ती आयुष्यभर "हो" म्हणत आली होती. त्या "हो"चा मला कायम राग यायचा.

चैत्रात रेकॉर्डिंग सुरू झालं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. नगरचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ताई कानाला हेडफोन लावून घामानं निथळत उभी, आणि हे खुर्चीत बसून हातवारे करणार. पहिल्या दिवशी नुसता चरचराट झाला, तापल्या वाळूत फुटाणे फुटावेत तसा. मग भाऊजींनी कुठल्यातरी सेटिंगमध्ये शिरून एक आकडा होता तो वाढवत वाढवत पार शेवटापर्यंत नेला. चरचराट थांबला. लगेच मला फोन. "पंकजा, पुण्यामुंबईच्या लोकांना जे जमत नाही ते मी जुन्या डब्यावर करून दाखवलं." मी म्हटलं, वा. दुसरं काय म्हणणार?

आणि तिथून ताईचं बिनसलं. तबला कानात चालू, ती गातेय, आणि भाऊजी हात वर करून थांबवताहेत. "मागे पडतेस." पुन्हा सुरुवात. "परत मागे." ती म्हणाली, "अहो, मला कानात काहीतरी विचित्र वाटतंय. माझाच आवाज मला अडवतोय." तर हा उंटावरचा शहाणा म्हणतो काय, "नाचता येईना अंगण वाकडं!" जन्मात ज्यांना कधी टाळी जागेवर देता आली नाही, ते माझ्या बहिणीला ताल शिकवत होते.

हेही एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण रोज दुपारी तेच. रेकॉर्ड झालेलं ते तिला लावून दाखवायचे, पुरावा म्हणून. आणि पुराव्यात खरंच दिसायचं की तबला पुढे आणि तिचा सूर मागून फरफटत येतोय. कचेरीत अर्जदाराला त्याचीच सही दाखवावी तसं बोट ठेवून दाखवायचे. "हे बघ, हे मी म्हणत नाही, मशीन म्हणतंय. वय झालं की होतं असं. त्यात लाजायचं काय?"

मी शनिवारी शाळा सुटल्यावर पारनेरहून गाडी पकडून गेले तेव्हा ताई स्वयंपाकघरात रव्याचे लाडू वळत होती. गप्प. हे फार वाईट लक्षण, कारण ताईच्या हाताला काम असलं की तोंडात गाणं असतंच. मी म्हटलं, "काय गं?" तर लाडू तसाच हातात धरून म्हणाली, "पंकजा, माझा ताल गेला."

"काहीतरीच काय बोलतेस."

"खरंच गेला. आधी वाटलं मशीनचं काहीतरी असेल. पण आता मशीन नसतानाही लक्ष तिकडेच जातं. गायला लागले की वाटतं, पडले मागे. मुलींना शिकवताना परवा अडखळले. राहात्याहून ह्यांच्या आत्तेबहिणीचा फोन आला होता, तिच्या नातीच्या लग्नासाठी. मी सांगितलं, आता मला जमत नाही हो."

माझ्या पायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, म्हण माझ्यासमोर, मी टाळी धरते. ती म्हणायला लागली आणि माझी टाळीच भरकटली. आम्ही दोघी बहिणी त्या लाडवांच्या परातीपुढे बसून रडलो, दुसरं काय करणार! तिला सांगावं तर मला अक्कल नाही, आणि ज्याला अक्कल असल्याचा दावा होता त्यानं तर निकालच लावून टाकला होता.

बाहेर जाऊन मी भाऊजींना म्हटलं, "एकदा कुणा जाणत्याला दाखवा ना ते तुमचं यंत्र." ते पेचकसानं डब्याचं झाकण लावत होते. मान वर न करता म्हणाले, "यंत्राला काय धाड भरली आहे? बावनकशी चालतंय." आणि मग आवाज जरा खाली आणून, जणू माझ्यावर उपकार करताहेत अशा थाटात, "तू तिची समजूत काढ. सगळ्यांनाच कधी ना कधी थांबावं लागतं. मी नाही का निवृत्त झालो?" अहो, तुमच्या निवृत्तीनं लोकांचे अर्ज सुटले! हे मी मनात म्हटलं. पुन्हा ते आईचं वळण आडवं आलं.

रुचा पुण्याहून फोन करकरून थकली. "आई, रेकॉर्डिंग मरू दे. तू तिथे उभं राहून म्हण. कशीही म्हण." ताई आधी कारणं सांगत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आपल्याकडे मुलीची आई मंगलाष्टकांना थांबत नाही गं. रीत आहे तशी." जिनं नगरातल्या आयांना तुळशीपासून उठवून आणलं, तीच आता त्या तुळशीचा आडोसा शोधत होती. मला हे रुचानंच सांगितलं आणि विचारलं, "मावशी, आईला झालंय काय?" माझ्याकडे होता तो नुसता राग.

लग्न झालं. थाटात झालं म्हणायचं, मांडव थाटाचा होता. अंतरपाट धरला गेला आणि भाऊजींनी साऊंडवाल्याच्या हातात पेनड्राईव्ह दिला, त्याच्यामागे उभे राहून दोन सूचनाही दिल्या. ताईचा आवाज वाजायला लागला. त्यांनी तिचा एकेक शब्द कापून, पुढे सरकवून तबल्यावर बसवला होता. स्टँडवर गाडीची घोषणा होते ना, गावाचं नाव वेगळं, वेळ वेगळी, फलाटाचा आकडा वेगळा, तशी माझ्या बहिणीची मंगलाष्टकं वाजत होती. "माझी लाडकि लेक" म्हणताना "लाडकि" आणि "लेक" यांच्यात चक्क भगदाड पडलं होतं. अक्षता टाकणाऱ्यांपैकी कुणाला कळलं, कुणाला नाही. रुचाला कळलं. अंतरपाटाच्या अलीकडे उभी राहून ती मान वळवून वळवून माणसांत आईला शोधत होती.

आई कार्यालयाच्या मागच्या बाजूला होती, भटारखान्याला लागून जिथे एक कुंडी ठेवली होती तिथे. मी अक्षता मुठीत तशाच घेऊन तिकडे पळाले. ताई तुळशीपाशी पाटावर बसली होती. पातेली धुतल्याचं पाणी पाटापर्यंत आलं होतं. भिंतीवरच्या कर्ण्यातून तिचाच आवाज येत होता आणि ती तांब्यानं कुंडीत पाणी घालत होती. कुंडी भरून पाणी खाली ओघळत होतं तरी घालत होती. मी तांब्या काढून घेतला. ती म्हणाली, "ऐकलंस ना? म्हणून नाही म्हटलं मी." तिकडे "सावधान" झालं, वाजंत्री लागली. मुलीच्या आईनं मुलीचं लग्न पाहिलं नाही. भाऊजी मात्र पुढे आठवडाभर लोकांना सांगत होते, काय क्लिअर आवाज आला!

त्यानंतर ताईनं शिकवणी बंद केली. मुलींना सांगितलं घसा बरा नाही. अंड्यांच्या ट्रेवर धूळ बसली.

दिवाळसणाला जावई आला. आता जावयाचा मान म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगायला नको. ज्या माणसानं मिक्सरवाल्याचं, डॉक्टरचं, बायकोचं कधी ऐकून घेतलं नाही, तो जावयापुढे पाट मांडतो आणि "बरोबर आहे तुमचं" म्हणतो. सोनारानंच कान टोचावे लागतात ते असं. पाडव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर भाऊजींनी सुश्रुतला स्टुडिओ दाखवायला नेलं. आम्ही सगळे मागून. ताईच्या हातात विड्याचं तबक होतं.

सुश्रुतनं कौतुक केलं. चांगल्या घरचा मुलगा आहे. मग ताईचा शिकवणीचा जुना छोटा कीबोर्ड तिथे पडला होता, तो त्यानं त्या डब्याला जोडला, हेडफोन कानाला लावला आणि वाजवायला लागला. दोनच सूर वाजवून थांबला. पुन्हा वाजवले. मग हेडफोन काढून अगदी साधेपणानं म्हणाला, "बाबा, यावर माझीपण बोटं मागे पडतायत. सूर दाबतोय आत्ता आणि ऐकू येतोय नंतर."

भाऊजी म्हणाले, "तसं होत असेल, सवय लागते."

"नाही, सवयीचं नाही हे." त्यानं ते सेटिंग उघडलं. "हा आकडा बघा ना, एकदम शेवटाला आहे. कसं असतं, माईकमधून आवाज आत येतो तो कॉम्प्युटर आधी बादलीत साठवतो, आणि बादली भरली की मगच कानात सोडतो. बादली जेवढी मोठी तेवढा उशीर. तुम्ही सगळ्यात मोठी बादली ठेवलीय. लहान ठेवायला हवी, पण ती हा प्रोसेसर आणि हे हिरवं भोक पेलणार नाही, चरचरेल. म्हणून तर वेगळं साऊंड कार्ड लागतं." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. त्यानं ताईकडे पाहिलं. "आई, तुम्ही यावर गायलात? तबल्याबरोबर? यावर कुणालाच तालात गाता येणार नाही. तुमचाच आवाज तुम्हाला उशिरा ऐकू येत होता. तुम्ही त्याच्यासाठी थांबत होतात."

आंघोळीला अर्धी बादली पुरते म्हणून भांडणारा माणूस. आयुष्यात एकदा सढळ हातानं काही भरून दिलं, तेही इथे.

रुचा आईजवळ जाऊन उभी राहिली. मी भाऊजींच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी. माणूस आहे, लाज वाटेल, बायकोकडे बघेल, निदान खाली बघेल. हेमचंद्ररावांनी चष्मा पुसला, स्क्रीनवरचा आकडा नीट वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे सेटिंगचा प्रश्न होता," ते म्हणाले. "एवढंच ना! मी उगाच काळजी करत होतो. चला, ते कार्डही बघू कुठे जुनं मिळतंय का. दमयंती, बरं झालं बघ. आता परत रेकॉर्ड करू, सगळं जागच्या जागी येईल."

ताईनं तबक टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता ही "हो" म्हणणार. आणि ती खरंच म्हणालीसुद्धा.

"हो," ती म्हणाली. "करू. आधी रुचाचं लग्न परत लावा."

भाऊजी हसले. त्यांना वाटलं, गंमत केली. बाकी कुणी हसत नाही हे त्यांच्या लक्षात यायला, नेहमीप्रमाणे, उशीर लागला.